रांगेतली शेवटची जागा

हे वाचायला घाई करू नका. दिवसाची कामं आवरली असतील तर घरातला एखादा शांत कोपरा गाठा. खुर्चीत बसा, पाटावर बसा, गुडघे परवानगी देत असतील तर मांडी घाला. पाठ ताठ, खांदे सैल, जबडा मोकळा. प्रत्येक भागानंतर थोडं थांबायचं आहे. तेवढा वेळ डोळे मिटले तरी चालतील.

शाळा-कॉलेजात असताना ज्यांनी कराटे शिकलं, मग नोकरी, संसार, मुलं, आईवडिलांची आजारपणं यांत ते ज्यांच्या हातून सुटलं, आणि आता पंचेचाळिसाव्या-पंचावन्नाव्या वर्षी ज्यांना ते पुन्हा खुणावतंय, त्यांच्यासाठी हे मनन आहे. ज्यांनी ज्युदो केला, तालमीतली लाल माती अंगाला लावली किंवा लाठी फिरवली, त्यांनाही यातलं बरंचसं आपलं वाटेल.

आवार

चारकोप डोळ्यांसमोर आणा. कांदिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या कांदळवनाच्या अलीकडे पसरलेली ही वसाहत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प आला आणि म्हाडाने इथे लहान लहान भूखंड आखून दिले. पाणी, मलवाहिनी, रस्ते यांची सोय तयार; घर मात्र ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. आधी एक खोली, मग धड स्वयंपाकघर, मुलं मोठी झाली की वरचा मजला. घरांचे गट मोकळ्या आवारांभोवती बसवलेले. त्या आवारांत मुलं क्रिकेट खेळली, गणपती बसले, लग्नाचे मांडव पडले. सेक्टरांमधल्या शाळांच्या मैदानांवर आणि सोसायट्यांच्या सभागृहांत कराटेचे क्लासही भरू लागले.

तेव्हा पांढरे कपडे घालून रांगेत उभी राहणारी मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.

अशी एक संध्याकाळ मनात उभी करा. डहाणूकरवाडीला मेट्रोतून उतरून तुम्ही घरी निघालात. हातात भाजीची पिशवी आहे. एका शाळेच्या मैदानातून आकडे ऐकू येतात: इचि, नि, सान, शि, गो. प्रत्येक आकड्याला सगळी मुलं एकदम ओरडतात. तुमची पावलं थबकतात.

इथे थांबा. त्या क्षणी शरीरात काय झालं, ते बघा. मूठ किंचित आवळली का? कंबर वळू पाहत होती का? आणि लगेच मागोमाग कोणता विचार आला? ‘आता या वयात?’ हा आला का? ‘ओळखीचं कुणी पाहिलं तर?’ हा आला का? की ‘घरी जायला हवं, कुकर लावायचाय’ हा? आलेल्या विचाराला उत्तर देऊ नका, त्याच्याशी वादही घालू नका. तो आला, इतकंच पाहा. चार श्वास घ्या, चार सोडा.

मोजपट्टी

परत येऊ पाहणाऱ्याच्या बरोबर आणखी एक जण चालत असतो. तो विशीतला असतो. त्याची लाथ खांद्याच्या वर जायची, श्वास लागायचा नाही, पडला तर हसत उठायचा. त्याचा हिशेब चालूच असतो: पूर्वी एवढं खाली बसता यायचं, आता नाही, पूर्वी एवढे पंच मारायचो, आता नाही. पुष्कळ जण वर्गाच्या दारातून मागे फिरतात ते गुडघ्यांमुळे नव्हे, या सोबत्यामुळे.

त्याला आज समोर बसवा. त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून ते नीट ऐकून घेऊ.

तिशीनंतर स्नायूंचं वस्तुमान हळूहळू घटत जातं, साठीनंतर ही घट वेग घेते. झटक्यात आकुंचन पावणारे स्नायूतंतू वयाबरोबर जास्त झिजतात, त्यामुळे ताकदीच्या आधी चपळाई कमी झाल्याचं जाणवतं. व्यायाम पुन्हा सुरू केल्यावर स्नायू काही आठवड्यांत प्रतिसाद देतात, पण हाडांना स्नायू बांधून ठेवणाऱ्या कंडरा त्यांच्या मानाने सावकाश मजबूत होतात. उत्साहाने परतलेल्या माणसाची टाच किंवा खांदा दुखावतो, तो बहुधा या दरम्यानच्या काळात.

आता दुसरी बाजू. एकदा अंगात मुरलेली हालचाल सहजासहजी पुसली जात नाही. पोहणं, सायकल, रांगोळीची बोटं, तशीच कमरेतून फिरणारी मूठ. शब्दांची आठवण ठेवणाऱ्या व्यवस्थेपेक्षा मेंदूतली ही व्यवस्था वेगळी असते. नॉर्वेत ओस्लो विद्यापीठात क्रिस्तियान गुंडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांवरचं एक संशोधन प्रसिद्ध केलं. स्नायू वाढताना त्याच्या तंतूंत जी नवी केंद्रकं आली, ती पुढे स्नायू रोडावल्यावरही टिकून होती. माणसांच्या बाबतीत हा शोध अजून चालू आहे. पण पूर्वी कमावलेलं शरीर पुन्हा कमावणं कोऱ्या शरीरापेक्षा सोपं जातं, हा तालमीतल्या वस्तादांचाही जुना अनुभव आहे.

चारकोपच्या घरांनी हेच दाखवलं आहे. वरचे मजले पडले, पुन्हा चढले, भिंती सरकल्या, खिडक्या बदलल्या. जोतं तेच राहिलं.

विशीतल्या त्या माणसाकडे आता जरा मायेने बघा. त्याने घाम गाळला म्हणून तुमचं जोतं आहे. त्याचे आभार माना. आणि मधल्या वर्षांकडेही बघा. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन तुम्ही जिने चढलात. आजारी माणसाला न दुखवता कुशीवर वळवायला शिकलात. संताप आला तेव्हा आवाज न चढवता बोलायला शिकलात. वीस वर्षांचा तो गडी यातलं काही करू शकत नव्हता. ही वर्षं वाया गेली नाहीत, म्हणून ती कुणाकडून वसूलही करायची नाहीत. कराटेकडे परत जायचं म्हणजे विशीत परत जायचं नाही. आज जे शरीर आणि जे मन आहे, ते घेऊन त्याच पहिल्या धड्यासमोर जायचं.

थोडं थांबा. त्या सोबत्याला जायला सांगू नका. तो मागच्या बाकावर बसून राहिला तरी चालेल.

१८६८ साली जन्मलेले दोघे

१८६८ च्या ऑक्टोबरात सातारा भागातल्या औंध संस्थानच्या राजघराण्यात भवानराव पंतप्रतिनिधींचा जन्म झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओकिनावा बेटावरच्या शुरी गावात गिचिन फुनाकोशी जन्मले. दोघांना एकमेकांचं नाव कधी कळलं असेल असं वाटत नाही. पण आपल्या वयात दोघांचा विचार शेजारी शेजारी ठेवून करण्यासारखा आहे.

भवानरावांनी आधी बरीच वर्षं सँडो या पाश्चात्त्य पहिलवानाच्या पद्धतीचा व्यायाम केला. चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग ते त्यांनी सोडले नाहीत. संस्थानच्या शाळांत नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि स्वतः सत्तरी गाठली तरी रोजचे नमस्कार चालू ठेवले. लहानपणी आपल्याकडच्या अंगणांत पाहिलेली गोष्ट या राजाने मध्यमवयात नव्याने हाती घेतली.

फुनाकोशी लहानपणी अशक्त होते. अझातो आणि इतोसू या दोन गुरूंकडे ते शिकले. कराटे तेव्हा उघड शिकवलं जात नव्हतं, म्हणून रात्री कंदील घेऊन ते अझातोंच्या घरी चालत जात आणि परसात सराव करत. एकच काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, महिनोन्महिने. गुरू ‘पुन्हा’ म्हणत, शिष्य पुन्हा करी. पुढे ते शाळामास्तर झाले. १९२२ मध्ये कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले तेव्हा त्यांचं वय ५३ होतं. परत जायचं होतं, पण शिकवायचा आग्रह झाला आणि ते राहिले. पैसे नव्हते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी राखणदारी केली, खोल्या झाडल्या, बागेची निगा राखली आणि उरलेल्या वेळात शिकवलं. आपल्या बेटावर मान असलेला पन्नाशीचा माणूस नव्या शहरात हातात केरसुणी घेऊन पुन्हा सुरुवातीला उभा राहिला.

पुढे १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात त्यांचा दोजो, म्हणजे सरावाची जागा, जळाला, त्याच वर्षी मुलगा योशिताका गेला, दोन वर्षांनी, ते तोक्योबाहेर असताना, पत्नी गेली. त्यानंतर ऐंशीच्या उंबरठ्यावर ते तोक्योला परतले आणि पुन्हा विद्यार्थ्यांमध्ये राहिले. १९५७ मध्ये वारले. कराटेचा सराव आयुष्यभराचा असतो, असा एक नियम त्यांनी आपल्या वीस नियमांत घातला आहे. त्यामागे काय काय सोसलेलं होतं, ते कळलं की त्या नियमाकडे बघायची नजर बदलते.

तुमच्या आयुष्यात अशी कोणती गोष्ट आहे, जी तुम्ही तरुणपणी केवळ केली आणि आता समजून करू शकाल? ती कराटेच असेल असं नाही. एक गोष्ट मनात येऊ द्या, तिच्याजवळ थोडं बसा.

पट्टा

आता वर्गात शिरू. चपला दाराशी काढल्या, आत येताना वाकून नमस्कार केला. मुलं पट्ट्याच्या क्रमाने उभी राहतायत: काळा, तपकिरी, मग हिरवे, केशरी, पिवळे, आणि शेवटी पांढरे. तुमची जागा कोणती?

कपाटात कदाचित जुना पट्टा अजून असेल, ब्राऊन किंवा ब्लॅक. काही सर म्हणतात, तुम्ही कमावलेला आहे, तोच बांधा. काही म्हणतात, काही महिने पांढरा बांधा, मग बघू. शैली बदलली असेल, शितोर्यूमधून शोतोकानमध्ये आला असाल, तर बरंचसं नव्याने शिकावंच लागेल. सर सांगतील ते करायचं. पण सरांना विचारण्याआधी स्वतःला विचारून बघा: पांढरा पट्टा बांधावा लागला, तर मला काय होईल?

या प्रश्नाजवळ जरा रेंगाळा. तो दुखवत असेल तर दुखवू द्या.

पट्ट्यांची प्रथा तशी अलीकडची आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात दान श्रेण्या सुरू केल्या. कराटेत फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. त्यांचे स्वतःचे गुरू, अझातो आणि इतोसू, यांच्या कमरेला कसलाही पट्टा नव्हता. ज्या परसात फुनाकोशी घडले, तिथे कोण कितव्या रांगेत हा प्रश्नच उभा राहत नव्हता. एक शिकवणारा, एक शिकणारा, आणि रात्र.

मनातल्या मनात पट्टा बांधा. मध्य बेंबीखाली धरा, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणा, गाठ मारा, टोकं सारखी आहेत का बघा. रांगेतल्या शेवटच्या जागेवर जा. शेजारी दुसरीतला एक मुलगा आहे, त्याचा पायजमा घोट्याशी दुमडलेला आहे. तो तुमच्याकडे बघतो आणि मग पुढे बघतो. त्याच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं. तुमच्या दृष्टीनेही संपू शकतं.

या जागेचा एक मोठा लाभ आहे. समोर सगळा वर्ग दिसतो. वळताना कुणाची टाच उचलली जाते, कोण खांद्यातून पंच मारतो आणि कोण कमरेतून, कोण श्वास कोंडून धरतो. पुढच्या रांगेत उभं असताना दिसलं नव्हतं ते इथून दिसतं. बघत राहा. या वयात बघून शिकण्याची धीराची ताकद तुमच्याकडे आहे, ती वापरा.

पवित्रा

शक्य असेल तर आता उभे राहा. भिंत किंवा खुर्ची हाताशी असू द्या. पावलं खांद्यांएवढी लांब. डोळे समोर. वजन कुठे आहे? टाचांवर, चवड्यांवर, की डाव्या पायावर जास्त? काही बदलू नका, आधी कळू द्या. मग वजन हळूहळू उजवीकडे न्या. पुन्हा मध्यावर. मग डावीकडे. वर्षानुवर्षं बोरीवली लोकलच्या गर्दीत कशालाही न धरता उभे राहिलेले तुमचे पाय हे काम ओळखतात.

आता एक पाय जमिनीवरून थोडासाच उचला. हात भिंतीजवळ. काही श्वास तसेच राहा, मग पाय बदला.

२०२२ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा सेकंद एका पायावर उभं राहता येतं का, एवढीच कसोटी होती. दर पाचांमागे एकाला ते जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. तोल गेल्याने माणूस मरतो असा याचा अर्थ नाही. तोल हा एकूण प्रकृतीचा एक आरसा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम सुचवते. माएगेरी करताना, म्हणजे समोरची लाथ मारताना, गुडघा छातीकडे उचलून क्षणभर आपण एका पायावर असतो. लाथ कंबरेएवढीच उंच गेली तरी त्या एका क्षणात व्यायामाचा मोठा भाग होऊन जातो.

झेंकुत्सुदाची हा पुढे वजन टाकणारा पवित्रा घ्यायचा असेल तर पुढचा गुडघा वाकवा, मागचा पाय सरळ, वजन पुढे थोडं जास्त. कितपत खाली जायचं? सध्या गुडघा सांगेल तितकंच. फुनाकोशींच्या जुन्या छायाचित्रांत त्यांचा पवित्रा बराच उंच दिसतो. खोल, लांब पवित्रे पुढे योशिताकांच्या काळात रूढ झाले. उंच पवित्रा घेणारे तुम्ही पहिलेच नाही. पावलाची दिशा आणि गुडघ्याची दिशा एक आहे ना, एवढं मात्र दर वेळी बघा.

बसा. पाय थरथरत असतील तर ती थरथर शांत होईपर्यंत तिच्याकडे लक्ष द्या.

एकवीस हालचाली

हेइआन शोदान हा पहिला काता. शितोर्यू आणि इतर काही शैलींत त्याला पिनान म्हणतात आणि पहिल्या दोन कातांचा क्रम उलट असतो. आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावात शाळांमध्ये कराटे शिकवायला घेतलं, तेव्हा मुलांना झेपावेत म्हणून हे काता बांधले. त्या वेळी ते स्वतः सत्तरीत होते. १९०८ मध्ये त्यांनी शिक्षण खात्याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. कराटे शरीर आणि मन घडवतं, म्हणून ते शाळांत यावं, असा त्यांचा आग्रह होता.

एका सत्तरीतल्या माणसाने मुलांसाठी रचलेला हा काता आज तुम्ही मनातल्या मनात करायचा आहे. डोळे मिटा.

नमस्कार. तयार. डावीकडे वळा आणि डावा हात खाली झाडत अडवा. एक पाऊल पुढे, उजवा पंच. मागे वळा, पुन्हा खाली अडवा. मनगट धरलं गेलंय असं समजून हात ओढून घ्या आणि वरून मुठीने हाणा. पाऊल, पंच. समोर वळा, अडवा. मग तीन पावलं, तीन वेळा कपाळाच्या वर हाताने अडवणं, आणि तिसऱ्याला किआई.

इथे थांबा. किआई म्हणजे पोटातून सुटलेला श्वास, तो आवाज होऊन बाहेर पडतो. तरुणपणी तो मोठा काढायची हौस असते. आता तो पूर्ण काढायची काळजी घ्या. जोर लावताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो. श्वास बाहेर सोडत जोर लावला तर शरीरावर ताण कमी येतो. पन्नाशीनंतर किआईची ही बाजू मोलाची आहे.

पुढे चला. मोठा वळसा, अडवा, पंच. उलट वळा, अडवा, पंच. समोर, अडवा, आणि तीन पावलांत तीन पंच, तिसऱ्याला पुन्हा किआई. मग पवित्रा बदलतो: वजन मागच्या पायावर, हाताची धार पुढे, अशा चार हालचाली. आणि डावा पाय ओढून मूळ जागी.

मध्ये कुठे अडखळलात का? तेराव्या-चौदाव्या हालचालीपाशी बरेच जण अडखळतात, कारण वळणं सारखी भासतात. विसरलं असेल तर चिडू नका. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. ‘पुन्हा’ म्हणणारे ते अझातो तुमच्याही परसात उभे आहेत असं समजा.

दुखणं

इथे जरा स्पष्ट बोलायला हवं. काही दुखणी ऐकून चालू ठेवायची असतात, काही ऐकून थांबायचं असतं. मांड्यांचा दुसऱ्या दिवशीचा ठणका, दंडांचा जडपणा, तळव्यांची आग ही पहिल्या प्रकारातली. दोन-तीन दिवसांत उतरतात. सांध्यात टोचणारी कळ, गुडघ्यावरची सूज, टाचेच्या मागे सकाळी उठताना येणारा ताठरपणा, छातीत दडपण, भोवळ ही दुसऱ्या प्रकारातली. तिथे थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर वर्गात जाण्याआधीच त्यांच्याशी बोलायचं, आणि सरांनाही सांगून ठेवायचं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दोन वर्गांच्या मध्ये किमान एक दिवसाची विश्रांती घ्या. आधी सांधे मोकळे करा. सोळा वर्षांच्या मुलाबरोबर उड्या मारायची वेळ आली तर त्याला उड्या मारू द्या, तुम्ही जागच्या जागी पावलं टाका.

शरीराच्या या भाषेसाठी एक मिनिट द्या. डोक्यापासून पावलांपर्यंत एकदा फिरून या. कुठली जागा आज बोलते आहे? तिला काय हवं आहे?

समोरचा

कुमितेत, म्हणजे जोडीने लढण्याच्या सरावात, तुमच्या समोर कॉलेजातली एक मुलगी उभी आहे. तिचा हात तुमच्याहून वेगाने येतो. तुम्हाला दोन पर्याय दिसतात: ताकदीने तिला दडपायचं, किंवा वयाच्या आडोशाने हात खाली सोडायचे. दोन्हींमध्ये ती समोर आहे याचा विसर पडतो. तिच्याकडे बघा. तिचा खांदा पंचाआधी किंचित उचलला जातो. अंतर राखा, एक पाऊल तिरकं टाका, अडवा. तुमचा पंच तिच्या चेहऱ्याच्या किंचित अलीकडे थांबवा.

थांबवता येणं ही कराटेतली फार मोठी शिकवण आहे. मारण्याची ताकद पुष्कळांत असते. पूर्ण वेगाने निघालेला हात एका ठरलेल्या बिंदूवर थांबवायला सगळं शरीर एकत्र यावं लागतं. रागाच्या भरात शब्द थांबवायलाही तेच लागतं. तुम्ही घरात, ऑफिसात, सोसायटीच्या सभेत हे शिकत आलात. इथे ते स्नायूंत उतरवायचं.

वय झालं म्हणून हातातली विद्या संपत नाही. पुण्याच्या हडपसरच्या शांताबाई पवार लहानपणी लाठी शिकल्या होत्या. २०२० च्या टाळेबंदीत नातवंडांच्या पोटासाठी, पंच्याऐंशीच्या वयात, त्या रस्त्यावर दोन काठ्या फिरवू लागल्या आणि सगळ्या देशाने त्यांचे हात पाहिले. पुढच्या वर्षी तोक्यो ऑलिम्पिकमध्ये कराटे पहिल्यांदा आलं, तेव्हा महिलांच्या काताचं सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझने जिंकलं. तिला चाळिसावं वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस बाकी होते. शांताबाईंना पदक नको होतं, जेवण हवं होतं. सांद्राला पदक हवं होतं. तुम्हाला काय हवं आहे?

उत्तर मोठं असायची गरज नाही. ‘पडलो तर उठता यावं’ हे चालेल. ‘मुलगी क्लासला जाते, तिच्याबरोबर काहीतरी करावं’ हेही चालेल. ‘सोडलेली एक गोष्ट पूर्ण करायची आहे’ हेही. उत्तर खरं असावं. ते मनात एका वाक्यात म्हणा आणि तीन श्वास त्याच्यासोबत राहा.

संकल्प

हळूहळू डोळे उघडा. बोटं हलवा, मान सावकाश फिरवा.

उद्या करण्यासारख्या तीनच गोष्टी आहेत. डॉक्टरांची वेळ घ्यायची. घरापासून चालत जाता येईल अशा क्लासच्या सरांना किंवा मॅडमना भेटून, आपण किती वर्षांनी परत येतोय आणि काय दुखतं हे सांगायचं. आणि आठवड्यातले दोन दिवस घरच्यांना सांगून मोकळे ठेवायचे, म्हणजे त्या संध्याकाळी कुकर कुणी लावायचा हे आधीच ठरलेलं असेल.

क्लास नसेल त्या दिवशी घरातल्या घरात, पलंगाशेजारच्या मोकळ्या जागेत, एक काता सावकाश करायचा. पहिले तीन महिने ग्रेडिंगचा विषय काढायचा नाही. पट्टा कधी आणि कोणता, हे सर ठरवतील. पावसाची झड लागलेली असेल, लोकल उशिराने धावत असेल, मांड्या कालच्यामुळे भरून आल्या असतील, अशा संध्याकाळीही मैदानाकडे वळायचं की नाही हे मात्र दर वेळी तुम्हीच ठरवाल. तुमची परीक्षा तिथे आहे, आणि ती तुम्ही देऊ शकता.